तुझ्या शहाद्याचा रानपिंगळा

प्रिय मित्रा,

शनिवारी ट्रिंगला जाऊन आलो. लंडनहून आगगाडीने पाऊणएक तास, मग स्टेशनापासून गावापर्यंत तीनेक किलोमीटर पायी. वॉल्टर रॉथशील्डने जमवलेल्या प्राण्यांचं संग्रहालय तिथे आहे, १८९२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. तिथल्या क्वागासमोरून, झेब्र्याच्या त्या नामशेष झालेल्या भाईबंदासमोरून, मला हलवेना. मानेवर झेब्र्याचे पट्टे, मागचं अंग साधं तपकिरी. जगातला शेवटचा क्वागा १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

पण आज लिहायला बसलोय ते तुझ्या शहाद्यामुळे.

शेजारच्या इमारतीत नॅचरल हिस्टरी म्युझियमचे पक्ष्यांचे सुमारे साडेसात लाख नमुने ठेवलेत. तिथे फक्त अभ्यासकांना प्रवेश. मी बाहेरूनच खिडक्यांकडे पाहत राहिलो, कारण आतल्या कुठल्यातरी खणात खानदेशातला रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं ते छोटं घुबड, आहे. १८८० नंतरच्या दोन-चार वर्षांत जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने तुमच्याच भागात तो टिपला होता. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणालाच दिसला नाही. म्हणजे क्वागा गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी हाही गेला, असं वाटावं.

मधे एकच नोंद होती, पक्ष्यांचे नमुने जमवणाऱ्या कर्नल माइनर्टझागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याची: १९१४, गुजरातेतलं मांडवी. त्या नोंदीवर विसंबून लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा नमुना नीट तपासला, क्ष-किरणांनी आतली शिवण-भरणही पाहिली. तो डेव्हिडसनचाच पक्षी निघाला! माइनर्टझागेनने तो संग्रहालयातून चोरला होता, पुन्हा भरून शिवला होता आणि पायाला स्वतःची खोटी चिठ्ठी बांधली होती. मला याचा फार राग येतो रे. मेलेल्या पक्ष्याजवळ सांगण्यासारखं एवढंच उरतं, कुठे सापडला आणि कधी. तेही त्याने हिरावून घेतलं.

रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारली आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळल्या. २५ नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळच्या जंगलात, भर दिवसा, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसला होता. ११३ वर्षांनी! आपण तेव्हा तिथून किती जवळ होतो, आठव. आपल्याला पिंगळा माहीत होता तो पहाटे कुडमुडं वाजवत दारी येणारा, नाहीतर तुमच्या परसातल्या कडुनिंबावरचा.

त्या कडुनिंबावरच्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचं डोकं मोठं, आणि जवळजवळ बिनठिपक्याचं. पुढे तो मेळघाटात सापडला, तानसाच्या जंगलातही सापडला. पण त्याला सागाचं जंगल लागतं, घरट्याला जुन्या झाडाची ढोली लागते, आणि तुमच्याकडे अतिक्रमणासाठी झाडं पडतात हे तूच मागे लिहिलं होतंस.

दिवाळीत येतोय. तोरणमाळला जाऊ, सकाळी लवकर निघू. त्याआधी तू एकटा गेलास, तर सागाच्या शेंड्यांकडे बघत जा. दिसला तर जागा आणि तारीख लगेच वहीत लिहून ठेव.

तुझाच,
मित्र