रानहंसांसाठीचा ‘फुल चोक’ आणि कोकणातल्या जुन्या दुनळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या रानहंसांच्या शिकारीवर लेख आला. लेख वाचनीय आहे, पण त्यातला बंदुकीविषयीचा सल्ला दुरुस्त करायलाच हवा. हंस अंगाने मोठा आणि उंचावरून जाणारा, तेव्हा फुल चोक, म्हणजे तोंडाशी सर्वांत घट्ट केलेली नळी, लावावा, मोठ्यातला मोठा छरा घ्यावा आणि काडतूसही लांबातलं लांब निवडावं, असं लेखक सांगतात. ऐकायला हे पटण्यासारखं आहे आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. उजनी-जायकवाडीवर हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब असोत की आपल्या खाचरांतली अडई, त्यांच्यावर बंदूक उचलायची नाही. तरीही हा विषय कोकणातल्या दोन प्रकारच्या वाचकांना लागू पडतो. एक म्हणजे शिक्षण-नोकरीसाठी अमेरिका-कॅनडात गेलेली आपली मुलं. तिथे रीतसर परवाना काढून हंसांची शिकार करता येते. दुसरे म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातले शेतीसंरक्षणाचे परवानाधारक. त्यांच्या घरी अजूनही वडिलोपार्जित १२ बोअरच्या बंदुका आहेत. लेखातला सल्ला पहिल्यांच्या उपयोगाचा नाही आणि दुसऱ्यांच्या जिवावर बेतू शकतो.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी आतून दिलेला निमुळतेपणा. १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिमी असतो. सिलिंडरमध्ये निमुळतेपणा शून्य. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये तो पाव मिमी, मॉडिफाइड म्हणजे हाफ चोकमध्ये अर्धा मिमी आणि फुल चोकमध्ये जवळजवळ एक मिमी. एवढ्याशा फरकाने छऱ्यांचा फैलाव बदलतो. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, ७६ सेंमी व्यासाच्या वर्तुळात शिशाचे किती टक्के छरे पडतात यावर चोक ओळखला जातो: सिलिंडर ४०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ५०, मॉडिफाइड ६० आणि फुल ७०. हे आकडे शिशाचे आहेत. लेखाची गाडी इथेच रुळावरून घसरली.

अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छरा चालत नाही. कॅनडातही १९९९ पासून तीच स्थिती आहे. कारण सरळ आहे. चिखलात पडलेले छरे बदकं आणि हंस खडे समजून गिळतात, पोटातल्या पेषणीत शिसं झिजतं, रक्तात भिनतं आणि पक्षी झुरून मरतो. त्यामुळे तिथे हंसांसाठी सर्रास स्टीलचा छरा वापरतात, आणि स्टील शिशासारखं वागत नाही.

शिसं मऊ असतं. बार उडाला की छरे एकमेकांवर आणि नळीवर दाबले जाऊन चपटे होतात. असे चपटे छरे वाट सोडून बाजूला जातात, म्हणून शिशाचा फैलाव वाढतो आणि तो आवरायला घट्ट चोक लागतो. स्टीलचा छरा दबत नाही. तो गोल राहतो आणि सरळ जातो. म्हणून मॉडिफाइड चोकमधून स्टील बहुधा तितकंच घट्ट पडतं, जितकं फुल चोकमधून शिसं पडतं. त्यापुढे चोक आणखी आवळून काही मिळत नाही. उलट फैलाव ठिगळाठिगळांचा होतो आणि मधे राहिलेल्या मोकळ्या जागांतून पक्षी जखमी होऊन निसटतो. शिवाय न दबणारा मोठा छरा एक मिमीच्या निमुळतेपणातून ढकलला की ताण नळीवर येतो. तोंडाजवळ नळी कड्यासारखी फुगते, नाहीतर स्क्रूने बसवलेली चोकची नळकांडी आतच अडकून बसते. ४ मिमीपेक्षा मोठा स्टीलचा छरा अर्ध्या मिमीपेक्षा घट्ट चोकमधून सोडू नये, असा युरोपातल्या बंदूक-तपासणीचा नियमच आहे. हंसांसाठी वापरला जाणारा अमेरिकन बीबी छरा ४.५७ मिमीचा असतो. तेव्हा फुल चोकचा प्रश्न तिथेच मिटतो.

छऱ्याचा आकार निवडताना वजन विसरू नये. स्टीलची घनता ७.८ च्या आसपास आणि शिशाची ११ च्या वर, म्हणून त्याच आकाराचा स्टीलचा छरा हलका असतो आणि हवेत लवकर मंदावतो. त्यावर उपाय म्हणजे दोन आकार मोठा छरा घ्यायचा. जिथे शिशाचा अमेरिकन ४ नंबर चालायचा, तिथे स्टीलचा २ नंबर (नंबर लहान तसा छरा मोठा). पण म्हणून मोठ्यातला मोठा घ्यावा असं होत नाही, कारण छरा मोठा झाला की संख्या घटते. ३५ ग्रॅमच्या भरणीत स्टीलचे बीबी सुमारे ९० बसतात, २ नंबर साधारण १५५ आणि बीबीहून मोठे ‘टी’ मापाचे जेमतेम ६५. मोठ्या कॅनडा गूजसाठी ४० यार्डांवरच्या वर्तुळात निदान ५० छरे हवेत असं धरलं, तर बीबीला ५६ टक्के लागतात आणि ते मॉडिफाइड चोक आरामात देतो. टीला ७७ टक्के लागतील. ते भरवशाने मिळणं कठीण. डिकॉय, म्हणजे नकली हंस, मांडून पक्षी २५-३० यार्डांवर उतरवता येत असतील तर १ किंवा २ नंबरचा छरा आणि इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ही जोडी जास्त चांगली. मॉडिफाइडने एवढ्या जवळून एकतर चुकतं, नाहीतर मांसाचा चुथडा होतो. ४०-४५ यार्डांपलीकडे मात्र सर्वसाधारण शिकाऱ्याने बार काढूच नये. उंचावरच्या थव्यावर उडवलेला बार पक्षी पाडत नाही. एखाददुसरा छरा पोटात घेऊन पक्षी मैलभर लांब जाऊन पडतो आणि कोल्ह्याच्या तोंडी जातो. माझ्या मते लेखात सगळ्यात आधी हे यायला हवं होतं.

चोकवर काय लिहिलंय त्यापेक्षा कागदावर काय पडतं ते खरं. चार फूट लांब आणि चार फूट रुंद कागद ताणून लावावा, मध्ये ठिपका द्यावा, ४० यार्डांवरून नेम धरून एक बार काढावा. वर्तुळ आधी आखू नये. बारानंतर जिथे छरे सर्वांत दाट पडले असतील तो मध्य धरून ७६ सेंमीचं वर्तुळ काढावं आणि आतली भोकं मोजावीत. त्याच पेटीतलं एक काडतूस आधी उघडून एकूण छरे मोजून ठेवावेत, म्हणजे टक्केवारी खरी निघते. चोक आणि काडतुसाच्या प्रत्येक जोडीचे पाच तरी कागद करावेत. एकाच कागदावर विसंबलं तर हमखास फसगत होते, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन बारांत दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. दाटीचा मध्य ठिपक्यापासून सरकलेला दिसला तर दोष चोकचा नसून दस्त्याच्या मापाचा किंवा नेम धरण्याचा असू शकतो. काडतुसाची कंपनी किंवा वेग बदलला की हे सगळं पुन्हा करावं. आपल्याकडे अशी चाचणी परवानगी असलेल्या रेंजवरच करायची, बागेच्या गडग्याला कागद लावून नव्हे.

स्क्रूच्या, म्हणजे काढून बदलता येणाऱ्या, चोकविषयी थोडं. काठावरच्या खाचा उलट्या वाचायच्या: एक खाच म्हणजे फुल, तीन म्हणजे मॉडिफाइड, चार म्हणजे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. आटे पुसून, वंगणाचं बोट लावून चोक पूर्ण बसवावा आणि दर काही बारांनंतर, बंदूक रिकामी करून, सैल झाला का ते पाहावं. सैल चोकच्या कडेला छरे अडकतात आणि कड फाटते. चोक काढून तशीच बंदूक उडवली तर नळीचे आटे जातात आणि नवा चोक बसत नाही.

आता आपल्या कोकणातल्या बंदुकांकडे येतो. इथल्या दुनळ्या बहुतेक पुढच्या चापाला, म्हणजे उजव्या नळीला, हाफ किंवा त्याहून मोकळ्या आणि डावीला फुल चोक असलेल्या, तोही नळीतच कोरलेला. तो बदलता येत नाही. त्यांना स्टील अजिबात देऊ नये. पातळ भिंतीच्या जुन्या नळ्या, त्यातही वेलबुट्टीसारखी नक्षी दिसणाऱ्या डमास्कस नळ्या, त्या दाबासाठी आणि त्या छऱ्यासाठी घडवलेल्याच नाहीत. परदेशात असली जुनी बंदूक हंसांसाठी वापरायचीच असेल तर बिस्मथचा छरा घेतात. तो ९.६ घनतेचा आणि मऊ असतो, म्हणून नळीला सोसतो. पण बंदूक आधी जाणकार कारागिराकडून तपासून घेतात.

सगळ्यात मोठा धोका काडतुसाच्या लांबीत आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पेटीवरची लांबी तोंड उलगडल्यानंतरची असते. ७० मिमीचं न उडवलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्याने साधारण ६० मिमीच भरतं. म्हणून ते ६५ मिमीच्या, म्हणजे अडीच इंची चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या घरात) सहज बसतं, बंदूक खटकन मिटते आणि माणूस निश्चिंत होतो. बार उडताच तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. एकदा-दोनदा काही होत नाही, म्हणून सवय लागते. मग सांधे खिळखिळे होतात, एखाद्या दिवशी चेंबरच फाटतं आणि नळीखालचा हात जातो. ७६ मिमीचं हंसांचं मॅग्नम काडतूस ७० मिमीच्या चेंबरमध्येही असंच बसतं. फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचं पुढचं लाकूड, काढून नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावर पाहिलं की चेंबरची लांबी कोरलेली सापडते. इंग्लिश बंदुकीवर ‘नायट्रो प्रूफ’ (आधुनिक बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली) हे शब्द किंवा ‘एनपी’, ‘बीएनपी’ अशी खूण नसेल तर ती जुन्या काळ्या दारूची समजावी. ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं असेल तर त्या नळीत चोक आहे आणि एकगोळीचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. खुणा पुसट असतील तर मोजमाप बंदूक कारागिराकडून करून घ्यावं. नळीच्या तोंडात नाणं घालून चोक ओळखण्याची जी पद्धत गावोगाव चालते ती निरुपयोगी आहे. चोक म्हणजे तोंडाचा व्यास आणि मागच्या नळीचा व्यास यांतला फरक, आणि जुन्या नळ्यांचा व्यास एकसारखा नसतो.

छऱ्यांचे नंबरही देशागणिक बदलतात. आपल्याकडचे एलजी, एसजी, एएए, बीबी हे इंग्लिश मोजमाप. इंग्लिश बीबी ४.१ मिमीचा, म्हणजे अमेरिकेतला १ नंबर. अमेरिकेतला ४ नंबर ३.३ मिमीचा, इंग्लिश ४ नंबर ३.१ मिमीचा. परदेशातल्या भाच्या-पुतण्याने फोनवर सांगितलेला नंबर इथे लावू नये आणि इथला तिथे सांगू नये. मिलिमीटर विचारावेत.

खाऱ्या हवेने काडतुसं खराब होतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पितळी बुडाला हिरवं चढलेलं किंवा पावसाळ्यात फुगलेलं कागदी काडतूस परवान्याच्या नियमांप्रमाणे जमा करावं, वाळवून वापरू नये. स्टीलच्या छऱ्यांना गंज लागला तर ते एकमेकांना चिकटून गठ्ठा होतात आणि तो गठ्ठा घट्ट चोकमधून एकदम जायला बघतो. खाडीकाठी राहणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावं. आणि खुंटीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. काडतूस घालण्यापूर्वी बंदूक बिजागरीत उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहावा, दर वेळी.

शेतीसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. डुकरांनी खाचर नासलं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून बार काढता येत नाही.

चेंबरच्या लांबीची आणि स्टील-चोकच्या मर्यादेची दुरुस्ती पुरवणीत त्याच पानावर, ठळक चौकटीत छापावी, ही विनंती. लेख ज्यांनी कापून ठेवला असेल त्यांना ती सोबत कापून ठेवता येईल.

आपला,
एक परवानाधारक वाचक,
चिपळूण, जि. रत्नागिरी