दिवाळीला येत नाहीये

ती. आई-बाबांस, सा. न.

दिवाळीला येत नाहीये. करार एका वर्षाने वाढवला, सहीही झाली. बाबा, लगेच फोन उचलू नका, आधी वाचा.

वेल्समधल्या या जुन्या वाड्यात, एर्डिगमध्ये, वस्तू तीस हजार, आणि मोठी साफसफाई हिवाळ्यातच होते. दुसऱ्यांचा वाडा कशाला राखतेस, म्हणालात. अहो, १६८४ साली जोशुआ एडिसबरीने तो बांधायला काढला आणि कर्जात बुडाला (अण्णाकाका आठवले ना?). १७३३ पासून यॉर्क घराणं, मालकांची नावं फक्त सायमन नाहीतर फिलिप. आई, त्यांनी नोकरमाणसांची तैलचित्रं करून घेतली, वर कविता लिहिल्या. जळमटं काढणारी ८७ वर्षांची मोलकरीणसुद्धा आहे त्यात. सखूबाईंचा साधा फोटो आहे का आपल्याकडे?

पुढे बरशॅमची कोळशाची खाण घराखालून गेली आणि घर जवळपास पाच फूट खचलं. छप्पर गळायला लागलं, चिनी रेशमाच्या पलंगावर पाऊस पडायचा. शेवटच्या फिलिपने १९७३ मध्ये घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुनी घरं जपणाऱ्या संस्थेला, दिलं. खाणवाल्यांची भरपाई आली, ६३ एकर जमीन विकली, तेव्हा कुठे दुरुस्ती होऊन १९७७ मध्ये ते लोकांना खुलं झालं.

सोनेरी चौकटीला ओलं फडकं कधीच नाही. मुलाम्याखाली खडू आणि सरस असतो, पाण्याने सुटतो. एका हातात तट्टाच्या केसांचा मऊ ब्रश, दुसऱ्यात व्हॅक्यूमची नळी, तिच्या तोंडाला जाळी. कपची उडालीच तर जाळीत सापडते. हीटरसुद्धा माणसांसाठी नसतो. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांवर गेला की बुरशी धरते, फार खाली गेला की लाकूड आकसून वरचा पापुद्रा उचलतो. म्हणून हीटर दमटपणा बघून चालतो.

माझी खोली मात्र चांगली उबदार आहे. तूरडाळ मिळते, वरण-भात रोज होतो. रात्री आजीची गोधडी नाकापर्यंत ओढते, तिला अजून आपल्या माळ्याचा वास येतो.

आता ऐका. आई, पैठणीवर डांबरगोळ्या ठेवू नकोस. धुतलेल्या मलमलीत गुंडाळ आणि दर सहा महिन्यांनी घडी बदल, रेशीम घडीवरच तुटतं. कसर लागलेली शाल दोन पिशव्यांत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर शाल ओली होईल.

बाबा, परतीचा पाऊस संपला की पन्हळीतला पाला काढून घ्या. माणूस लावून. घराची निम्मी दुखणी तुंबलेल्या पन्हळीतून येतात हे खरं, पण तुम्ही शिडीवर चढायचं नाही. तुमचा तोल जातो असं म्हणत नाहीये मी, शिडीच जुनी झालीय. बीपीची गोळी सकाळीच घ्या, जेवणानंतर आठवली म्हणून नाही.

मार्चचं तिकीट काढलंय. चकल्या डब्यात ठेवशील ना, आई?

तुमची,
मनू