‘२ चौकट’ ऐकली की घाई करू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र पत्त्यांवर आहे, पण बाजूला टाकू नका ही विनंती. खान्देशात मेंढीकोट घरोघरी, पण ब्रिजचं, म्हणजे भिडूबरोबर बोली लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळाचं, वेड असलेली माणसंही गावोगाव आहेत, आमच्या अमळनेरला आम्ही आठ-दहा जण रोज संध्याकाळी बसतो. २०१८ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्ण मिळवलं, बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते, तेव्हापासून घरचेही आमच्याकडे जरा आदराने बघतात. तर मुद्दा असा की आर्टिफिशियल बोल्यांपुढे, म्हणजे नाव एका रंगाचं आणि अर्थ भलताच अशा बोल्यांपुढे, आपली गावाकडची माणसं हकनाक मार खातात आणि हे थांबवता येतं.

मागच्या हिवाळ्यात बाहेरगावी एका पेअर्स (जोड्यांच्या) स्पर्धेत गेलो होतो. माझ्या उजवीकडच्या पोराने २ चौकट ओपन केली, म्हणजे पहिली बोली लावली, त्याच्या भिडूने अलर्टचं, म्हणजे ‘या बोलीचा अर्थ वेगळा आहे’ असं सांगणारं कार्ड दाखवलं, मी विचारलं तर उत्तर एका शब्दात, "मल्टी". ऐकून माहीत होतं की यात चौकटचा काही संबंध नसतो, बदाम किंवा इस्पिक यातल्या एकाचे सहा पत्ते आणि हात कमजोर, पण त्याच्यावर आपण काय बोलायचं हे मी आणि भिडूने कधी ठरवलंच नव्हतं. माझ्याकडे मोठ्या पत्त्यांचे सोळा पॉईंट आणि चौकटचे पाच चांगले पत्ते, मी डबल (समोरच्याच्या बोलीवर दुप्पट गुणांची पैज) दिला, मनात हे की चौकट माझी आहे. डावीकडच्याने २ बदाम म्हटलं. भिडूला वाटलं मी टेकआउट मागतोय, म्हणजे ‘तुझा रंग सांग’ म्हणतोय, आणि बदाम तर यांचे दिसतात, म्हणून त्याने चार पत्त्यांवर २ इस्पिक म्हटलं. ती २ बदाम खरी नव्हतीच हो! "तुझे बदाम असतील तर पास कर, इस्पिक असेल तर बदल" एवढाच तिचा अर्थ. ओपन करणाऱ्याकडे सहा इस्पिक निघाले, त्याने डबल दिला, आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे हरलो तर दंड जास्त), चार हात कमी पडले, ११०० गुण गेले. भिडू पत्ते खाली ठेवून एवढंच बोलला, "हाई काय व्हयनं भाऊ?" रात्रीच्या गाडीत दोघंही गप्प होतो.

त्यानंतर आमच्यातले काही म्हणाले की अशा बोल्यांवर बंदीच घाला. मला ते पटत नाही. मल्टी पन्नास वर्षांहून जुनी आहे, इंग्लंडच्या टेरेन्स रीस आणि जेरेमी फ्लिंट यांनी काढलेली, तिच्याशी खेळायला शिकणं आपलं काम आहे. आणि शिकायला फार लागत नाही, आम्ही दोघांनी एका संध्याकाळी चहावर ठरवलं. मल्टीवर लगेच डबल म्हणजे १३ ते १५ पॉईंट आणि सारखा वाटलेला हात, नाहीतर कुठलाही खूप मोठा हात. २ नोट्रम्प (बिनहुकुमाची बोली) म्हणजे १६ ते १८, बदाम-इस्पिक दोन्ही अडवलेले. रंग बोललो तर तो रंग खरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेकआउटचा हात असेल तर आधी पास. समजा तुमच्याकडे इस्पिक चार, बदाम एक, चौकट चार, किलवर चार आणि १५ पॉईंट आहेत, तर हात शिवशिवतात पण थांबा, डावीकडून २ बदाम येईल, ओपन करणारा त्याच्यावर पास झाला की बदाम त्याचे हे पक्कं कळतं, मग डबल द्या, आता भिडूला चुकायला जागाच नाही. कधी ते थेट तीनवर उडी मारतात आणि थांबणं महाग पडतं हे खरं, पण ११०० पेक्षा स्वस्तच.

उलट प्रिसिजन नावाच्या बोलीपद्धतीने खेळणाऱ्यांची १ किलवर आली तर थांबायचं नाही. सी. सी. वेई यांची ही पद्धत, तैवानचा संघ १९६९ च्या बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेत दुसरा आला तो हीच खेळून. तिथे १ किलवर म्हणजे १६ किंवा जास्त पॉईंट, पत्ते त्यांचे आहेत आणि त्यांना निवांत बोलायला जागा हवी असते, ती जागा आपण खायची. डबल म्हणजे बदाम आणि इस्पिक दोन्ही, १ नोट्रम्प म्हणजे चौकट आणि किलवर, बस. समोरचा मोठा हात दाखवतोय का कमजोर, हा प्रश्न आधी, बाकी सगळं त्याच्यावर. आमच्यातले जुने जाणते सगळ्याच बोल्यांना एकच उत्तर देतात, तिथेच फसतात.

आता आयोजकांना हात जोडून सांगणं. ब्रिजच्या कायद्यातलं ४० नंबरचं कलम नीट वाचा. जोडीमध्ये ठरलेलं समोरच्याला कळलंच पाहिजे, नुसतं "मल्टी" म्हणून भागत नाही, किती पत्ते, किती पॉईंट, कुठले रंग, सगळं सांगायला हवं. खेळताना स्वतःचं टिपण बघता येत नाही, पण आयोजकांनी परवानगी दिली तर बघता येतं, हे त्याच कलमात आहे. जागतिक ब्रिज फेडरेशन ज्या अवघड, अनोळखी बोल्यांना ब्राऊन स्टिकर म्हणतं त्यांच्यासमोर लिहिलेला डिफेन्स (त्या बोलीवर आपण काय बोलायचं याचा कागद) टेबलावर ठेवायची मुभा त्यांच्याच धोरणात आहे. मल्टीला त्यातून सूट आहे हे मला माहीत आहे, पण तालुक्याच्या स्पर्धेत तीच सूट चालवायलाच पाहिजे असं थोडंच आहे? पेअर्समध्ये दर दोन-तीन डावांनी समोरची माणसं बदलतात, तेवढ्यात कोण काय तयारी करणार. प्रत्येक जोडीचं कन्व्हेन्शन कार्ड (ठरलेल्या बोल्यांचा तक्ता) आदल्या दिवशी भिंतीवर लावा आणि एका पानाचा डिफेन्स जवळ ठेवू द्या, खर्च झेरॉक्सचा.

आणि तुम्हाला एक मागणं. रविवारच्या अंकात शब्दकोड्याशेजारी चार इंच जागा ब्रिजला द्या, आठवड्याला एक डाव, मराठीत, बदाम-इस्पिक असं लिहून. धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगावची माणसं आपापले डाव पाठवतील, पहिले दोन-तीन महिने मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक नियमित वाचक, अमळनेर