आगीची बातमी 'शॉर्टसर्किट'वरच का संपते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात घराला आग लागल्याची बातमी आली की ती बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. किती वाजता लागली, बंब किती आले, किती तासांनी आटोक्यात आली, नुकसान किती, आणि शेवटी 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज'. झालं, विषय संपला. पुढे तपासात काय निघालं ते क्वचितच छापून येतं. माझं म्हणणं एवढंच की या बातमीत अजून तीन-चार गोष्टी विचारून छापा : आग दिसल्यावर फोन किती वेळाने केला, बाहेर पळताना दार उघडं राहिलं की ओढून घेतलं, धुराचा अलार्म होता का आणि असला तर चालू होता का, आणि बंबाला आत यायला वाट होती का. जळक्या सोफ्याच्या फोटोपेक्षा वाचकाला याचा जास्त उपयोग होईल.

आधी त्या शॉर्टसर्किटबद्दलच बोलतो, कारण ते वाचून लोकांना वाटतं की ही दैवी आपत्ती, आपण काय करणार. आता खऱ्या शॉर्टसर्किटला एमसीबी (करंट वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच) असते, ती चटकन पडते. पण प्लगची पिन सैल बसलीये, सॉकेटमधला स्क्रू ढिला झालाय, तर तिथे करंट नेहमीएवढाच जातो आणि जोड मात्र तापत राहतो, करंट वाढलेलाच नाही म्हटल्यावर एमसीबीला कळणार कसं? म्हणजे प्लॅस्टिक पिवळं-काळं पडलं, जळका वास आला, प्लग हाताला गरम लागला की ती सूचना समजायची आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. दुसरं म्हणजे एकाच एक्स्टेन्शनवर हीटर, इस्त्री, अजून काहीतरी, मग एमसीबी सारखी पडते म्हणून कोणीतरी हुशार माणूस १६ अँपियरची काढून ३२ ची बसवून देतो. एमसीबी पडायची थांबते, सगळे खूश, आणि भिंतीतली वायर मात्र तीच जुनी, तिला एवढा भार झेपत नाही म्हणून ती तापत बसते. याला अपघात म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

आता दाराचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल कोणीच लिहीत नाही. ९ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका १९ मजली इमारतीत एका घरातल्या हीटरमुळे आग लागली. आग फारशी पसरली नाही, ते घर आणि बाहेरचा पॅसेज एवढीच राहिली. तरी १७ माणसं गेली, त्यात ८ लहान मुलं, सगळी धुराने. कारण काय तर घरातली माणसं बाहेर पडली तेव्हा आपोआप बंद व्हायला हवं होतं ते दार उघडंच राहिलं, वर जिन्याचंही एक दार उघडं होतं, त्यामुळे धूर जिन्यातून वरपर्यंत गेला आणि लोक नेमके त्याच जिन्याने उतरत होते. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने मुद्दाम खोल्या पेटवून केलेल्या चाचण्यांत दिसलं की दार उघडं असलेल्या खोलीत तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं आणि बंद दारामागच्या खोलीत ते ४० च्या आसपास राहू शकतं. साधं लाकडी दार हो, काही खास नाही. म्हणून झोपताना बेडरूमचं दार लावून झोपा आणि आग लागल्यावर बाहेर पडलात की दार मागे ओढून घ्या (कुलूप लावू नका, जवानांना आत जायचं असतं).

'अजून वेळ आहे, आपणच विझवू' हा जो विचार असतो ना, तो जुन्या घरांच्या काळातला. याच संस्थेने दोन बैठकीच्या खोल्या पेटवून बघितल्या, एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं फर्निचर आणि दुसरीत आजचं फोम आणि सिंथेटिक कापडाचं. जुनी खोली पूर्ण पेटायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला, नवी ४ मिनिटांच्या आत गेली. आता तुमचा सोफा कशाचा आहे बघा. स्मोक अलार्म यासाठीच हवा, झोपेत धुराच्या वासाने जाग येईल यावर विसंबून राहता येत नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज येतो का बघायचं आणि १० वर्षं झाली की अख्खा अलार्मच बदलायचा, नुसती बॅटरी नाही.

स्वयंपाकघराबद्दल सगळे लिहितात म्हणून थोडक्यात : कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही, पाण्याची वाफ होताना ते जवळपास १७०० पट फुगतं आणि जळतं तेल सगळीकडे उडवतं. गॅस बंद, वर झाकण, आणि कढई उचलून पळायचं नाही. गॅसचा वास आला तर कुठलंच बटण चालूही नाही आणि बंदही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो, म्हणून दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरूनच फोन करा.

आता अग्निशमन दलाबद्दल. आपल्याला ते आग लागल्यावरच आठवतात, हे चुकतंय. लिफ्टमध्ये कोणी अडकलं, गॅस गळतोय, झाड पडलं, अशा वेळीही ते येतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण आग लागायच्या आधी त्यांना बोलवता येतं हे डोक्यातच येत नाही. बऱ्याच ठिकाणी केंद्रावर जाऊन विनंती केली की जवान येऊन प्रात्यक्षिक दाखवतात, ड्रिल घेतात, इमारत फिरून काय चुकलंय ते सांगतात. ब्रिटनमध्ये तर अनेक ठिकाणी घरी येऊन फुकट पाहणी करतात, एकटे राहणाऱ्या वयस्कर लोकांना गरज असेल तर स्मोक अलार्मही बसवून देतात. जिन्यात टांगलेलं ते लाल सिलिंडर कितींनी हातात घेतलंय? छोटं असेल तर ते दहा-पंधरा सेकंदांत रिकामं होतं, आणि त्याआधीचा वेळ पिन शोधण्यात जातो. पिन ओढायची, नळी ज्वाळेकडे नाही तर बुडाकडे धरायची, दाबायची आणि आडवी फिरवायची, आणि हे सगळं आपली पाठ बाहेरच्या दाराकडे ठेवून. एकदा जवानांसमोर हाताने केलं की विसरत नाही.

फोन करताना 'लवकर या, लवकर या' म्हणून ठेवून देतात लोक! आधी पत्ता, मजला, जवळची खूण, आत कोणी अडकलंय का, आणि समोरचा ठेव म्हणेपर्यंत ठेवायचा नाही. पार्किंगचं तर बोलायलाच नको. शिडीच्या गाडीला नुसतं आत शिरून भागत नाही, उभं राहायला बाजूचे पाय पसरावे लागतात, तेवढी जागा नसेल तर शिडी वर जातच नाही. रात्री आडव्या लावलेल्या एका कारमुळे वरच्या मजल्यावरच्या माणसाला खिडकीत ताटकळत उभं राहावं लागू शकतं, हे त्या कारवाल्याला कोण सांगणार?

तर तुमच्या वार्ताहरांना एवढं सांगा की घटनास्थळी केंद्र अधिकारी भेटले की वर म्हटलेले प्रश्न त्यांना विचारा, आणि महिन्याभराने परत फोन करून तपासात नक्की काय निघालं तेही छापा, आतल्या पानावर दोन इंच जागा दिली तरी चालेल. शिवाय जवळच्या केंद्राचा नंबर आणि प्रात्यक्षिकासाठी अर्ज कुठे द्यायचा एवढं त्याच बातमीखाली चौकटीत टाकता येईल का बघा.

आपला,
एक नियमित वाचक