कुंडीतली आइस्क्रीमची काडी

काका,
सप्रेम नमस्कार.

माझ्या कुंड्या जगवल्याबद्दल फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय थेट चकलीच्या भाजणीवर नेलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

मी पाचगणीजवळची. २०१० साली जीआय मानांकन मिळालेल्या स्ट्रॉबेरीच्या मुलखातली. आणि इथे अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये दोन हिवाळ्यांत माझ्याकडून तीन कुंड्या जगल्या नाहीत! आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लावायची आणि थंडी पडली की फळं खायची. थंडीत या झाडाला झोपायचं असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पहिल्या वर्षी नर्सरीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, "बाहेरच राहू द्या, वसंतात परत फुटतात." लेबलवरही झोन ४, म्हणजे कडाक्याची थंडी सोसणारं, असं छापलेलं. एप्रिलमध्ये बघते तर कुंडी तडकलेली आणि मुळांचा लगदा झालेला. विचारायला गेले, तर म्हणे लेबल जमिनीत लावलेल्या झाडासाठी असतं. मग विकताना तोंडाला काय झालं होतं? दुसऱ्या वर्षी ओळखीतल्या जाणकारांचं ऐकून सगळं घरात आणलं, हीटरच्या उबेला. डिसेंबरात लांबुडकी फिकट पानं आली, मग लाल कोळी ही कीड आली आणि फेब्रुवारीत कारभार आटोपला. रोझमेरी, ती सुवासिक पानांची, वरून हिरवीगार दिसायची, हात लावला तर पानांचा सडा. "जाऊ दे ना, नवीन घे" हे मात्र प्रत्येकाने न विचारता सांगितलं.

तुम्ही एकट्याने, गणपतीच्या आरतीनंतर हातात प्रसादाचा द्रोण धरून विचारलंत, "कुंड्या ठेवतेस कुठे?" आणि एका वाक्यात उलगडा केलात : जमिनीत मुळांच्या चहूकडे माती असते, कुंडीत चहूकडे वारा. नोव्हेंबरात पानं आडवी पडल्यावर स्ट्रॉबेरी, पुदिना, चाइव्हज (कांद्याच्या बारीक पातीसारखे) असं सगळं गॅरेजमध्ये, घराच्या भिंतीला चिकटून, वाळक्या पानांत. रोझमेरी आणि तुळस तुम्ही तुमच्याच घरी नेलीत. एक तुमच्या बेसमेंटच्या गार खिडकीत, दुसरी स्वयंपाकघरात दिव्याखाली. बाकी काय काय केलंत ते लिहीत बसत नाही.

जानेवारीत आईच्या ऑपरेशनचा फोन आला आणि आम्ही रातोरात निघालो. कुंड्यांची आठवण कुणाला होती? सहा आठवड्यांनी परतलो. गॅरेज उघडलं, तर कुंड्यांना एक जुनी गोधडी गुंडाळलेली. आत तपकिरी, चुरगळलेली पानं. प्रवासाचा शीण, आई अजून अंथरुणाला खिळलेली. ह्यांनी सरळ कुंडी उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. तेवढ्यात मातीत खोचलेली आइस्क्रीमची काडी दिसली. त्यावर तुमच्या तिरक्या अक्षरात, बॉलपेनने, चार शब्द : "झोपलंय. टाकू नका हं."

काका, मी तिथेच, त्या गारठ्यात, बॅगेवर बसून रडले. त्या "हं"वर रडले. खाली बारीक अक्षरात तारखा होत्या, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन. नंतर काकूंनी सांगितलं, ज्या दिवशी गॅरेजमध्ये जायचात त्या दिवशी अंगणातलं मूठभर बर्फ प्रत्येक कुंडीवर ठेवायचात. ते हळूहळू वितळेल, माती अगदी कोरडी पडणार नाही आणि चिखलही होणार नाही म्हणून. उणे पंचविसात, ७४व्या वर्षी, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये! माणसं अडीअडचणीला "काही लागलं तर सांग" म्हणतात आणि मनापासून म्हणतात, पण सांगायची शुद्ध कुणाला असते? तुम्ही सांगायची वाटच बघितली नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून परक्या मुलखात तग धरता येतो, आणि हे मी झाडांबद्दल म्हणत नाहीये.

एप्रिलअखेर जुन्या पानांच्या मधोमध एक कोंब निघाला, घडी घातलेल्या पंख्यासारखा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती उशीला टेकून हसली, "आमचा हंगाम संपला, तुझा आता सुरू होतोय होय!" जूनमध्ये अकरा फळं धरली. चार खारीने पळवली. बाकीची तुमच्या दारात डब्यात ठेवली होती. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून तुम्ही त्यात चकल्या भरून पाठवल्यात, म्हणजे हिशेब पुन्हा माझ्याच अंगावर.

आणि हो, गोधडी दोनदा धुतली. एका कोपऱ्यावरचा मातीचा डाग काही जात नाही. काकूंना तुम्हीच सांगा.

तुमची,
शेजारची पाचगणीकरीण