शाहू जयंतीला पोरांना अर्धीच गोष्ट का सांगायची?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

अमेरिकेत शाळेत वंशभेदाबद्दल शिकवायचं की नाही यावरनं जे राजकारण पेटलंय त्याच्या बातम्या आपल्या पेपरातही येतात. आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एकानं लिहिलं, त्यांचं ते बघतील, आपल्याला काय करायचंय. मला ते पटलं नाही म्हणून हे पत्र.

तिकडं ओक्लाहोमा राज्यात २०२१ साली कायदा झाला की वंशामुळं मुलांना अपराधी वाटलं पाहिजे असं काही शिकवायचं नाही. ऐकायला बरं वाटतं. पण याच ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात १९२१ साली गोऱ्यांच्या जमावानं काळ्या लोकांची अख्खी वस्ती जाळली, माणसं मारली आणि पुढं कित्येक वर्षं तिथल्याच शाळांत हे कुणी धड सांगितलंच नव्हतं. आता सांगायला घेतलं तर मास्तरला धाकधूक, कुठलं वाक्य कायद्यात बसेल नि कुठलं नाही. फ्लोरिडात तर २०२३ च्या अभ्यासक्रमात घातलंय की गुलामांनी जी कौशल्यं शिकली त्यातली काही त्यांच्या फायद्याची ठरली. वाचून संताप आला मला.

आणि हे आपलं नाही असं कसं म्हणायचं? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामी मोडायला झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यांना तेव्हा दिसलं होतं की तिकडचा वंशभेद नि आपला जातिभेद, दुखणं एकच आहे.

आपल्याकडं कायदा करायची गरजच पडत नाही, धडा गुपचूप गळतो. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानातल्या नाडार जातीच्या बायका अंग झाकायच्या हक्कासाठी लढल्या ते एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात होतं, २०१९ मध्ये तो अख्खा धडाच काढला, कारण काय तर अभ्यासाचं ओझं कमी करायचं. ओझं नेमकं तिथंच कसं कमी होतं?

कोल्हापुरात २६ जूनला दसरा चौकात हार घालतो, शाळाशाळांत भाषणं होतात, महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासांसाठी राखीव ठेवल्या हे पोरं पाठ म्हणतात. पण का ठेवाव्या लागल्या ते विचारा, गप्प. गंगाराम कांबळेंचं नाव किती पोरांना माहितीय? संस्थानच्या नोकरीतला अस्पृश्य मानलेला माणूस, पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला, मग महाराजांनी त्यांना हॉटेल घालून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले, सोबतच्या मंडळींनाही पाजला. चहाचा किस्सा सगळे कौतुकानं सांगतात, माराचा भाग तेवढा गाळतात. मार गाळला तर त्या चहात राहिलं काय?

एक भीती मात्र खरी आहे, ती उडवून लावू नये. जातीचा विषय निघाला की वर्गातली चार पोरं माना वळवून एकाच बाकाकडं बघतात आणि त्या बाकावरचं पोर पुस्तकात डोकं घालून बसतं. हे होतं, शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. पण त्यावर उपाय धडा बंद करणं नाही, शिकवायची पद्धत बदलणं आहे. कुणाची जात विचारायची नाही, कुणाला ‘तू सांग तुझा अनुभव’ म्हणून उभं करायचं नाही, अन्याय करणाऱ्यानं काय केलं आणि तो मोडणाऱ्यानं काय केलं तिथनं सुरुवात करायची. आपल्या पूर्वजांचं ऐकून एखाद्या पोराला वाईट वाटलं तर वाटू द्या की, दुसऱ्याचं दुःख कळल्यावर वाईट वाटणारच. तो काही त्याच्यावरचा आरोप नाही.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती आहे, येत्या जयंतीला भाषणं दोन कमी ठेवा. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एकत्र बसवायचा १९१९ चा महाराजांचा हुकूम आठवी-नववीच्या वर्गात वाचून दाखवा आणि माणगावला सहल न्या, जिथं मार्च १९२० च्या परिषदेत महाराज आणि बाबासाहेब एकत्र आले होते. हातकणंगले तालुक्यातच आहे, सकाळी निघालं तर दुपारच्या डब्याला पोरं परत येतात.

एक निवृत्त शिक्षिका,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर