उखडलेली फरशी नव्हे, ते बाप्तिस्म्याचे कुंड

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या ‘लफवूड मीटिंग हाऊस’ या बॅप्टिस्ट ख्रिस्ती पंथाच्या जुन्या प्रार्थनाघरावर लेख वाचला. मराठीत या विषयावर कुणी लिहिले याचा आनंदच आहे. परंतु आतील छायाचित्राखाली ‘दुरुस्तीच्या प्रतीक्षेत उखडलेली फरशी’ असे छापले आहे. ती उखडलेली नाही. व्यासपीठासमोरच्या फळ्या उचलता येतील अशाच बसवल्या आहेत आणि त्यांच्याखाली बाप्तिस्म्याचे कुंड आहे. या इमारतीत पाहण्यासारखे जे आहे ते तिथून सुरू होते.

बॅप्टिस्ट मंडळी तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडत नाहीत. जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याला पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. पुष्कळ ठिकाणी हा विधी नदीतच होई. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापणारे विल्यम केरी याच पंथाचे. त्यांचा बाप्तिस्मा १७८३ मध्ये नेन नदीत झाला. कुंड इमारतीत आणायचे तर माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहील एवढी खोली हवी, उतरायला पायऱ्या हव्यात, जमलेल्या सर्वांना दिसेल अशी जागा हवी आणि ओल्या कपड्यांनी बाहेर आल्यावर आडोसा हवा. लफवूडला सज्जाखाली दोन छोट्या खोल्या आहेत, त्या ‘अडगळीच्या’ नव्हेत. लांबून चालत येणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होई.

लेखात ‘वेदी नाही, मनोरा नाही, म्हणजे गरिबीतले चर्च’ असा सूर आहे. पैसा बेताचा असेलही, पण वेदी नाही ती पैशाअभावी नव्हे. या पंथात वचन वाचणे आणि समजावणे मध्यवर्ती, म्हणून नजर उंच व्यासपीठाकडे जाते. अक्षर दिसावे म्हणून रंगीत काचेऐवजी साधी काच. अर्धगोल, गिलावा केलेले छत आवाज परतवते. दारे असलेले पेटीसारखे बाक पाइन लाकडाचे आहेत. त्यांना रंगरोगण नाही. ती दारे थंड वारा पायांना लागू देत नाहीत. शिवाय चर्च म्हणजे माणसे अशी यांची समजूत, म्हणून इमारतीला ‘मीटिंग हाऊस’, म्हणजे निव्वळ सभाघर, म्हणतात.

आणखी एक चूक. ‘राजाच्या शिपायांना चुकवण्यासाठी १६५३ मध्ये बांधले’ हे वाक्य जुळत नाही. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद १६४९ चा. १६५३ मध्ये इंग्लंडला राजाच नव्हता. त्या सुमारास किल्मिंग्टन गावच्या बॅप्टिस्ट मंडळीने ही जागा धरली. खरा जाच राजेशाही परतल्यावरचा. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जण राजमान्य चर्चहून वेगळ्या उपासनेसाठी जमले तर तो गुन्हा ठरला. तेव्हा झाडीतली, टेकडीच्या कुशीतली ही जागा कामी आली. त्यातून ही जागा ज्यात येते तो डालवूड हा भाग चहूबाजूंनी डेव्हनने वेढलेला असूनही तेव्हा डॉर्सेट परगण्यात मोडे. हद्दीचा असा घोळ लपणाऱ्याच्या पथ्यावरच पडतो. १६८९ मध्ये मोकळीक मिळाली आणि आतले लाकूडकाम अठराव्या शतकाच्या सुरुवातीला झाले. म्हणजे भिंती एका काळच्या आणि बाक दुसऱ्या काळचे.

लेखाच्या शेवटी ‘गवती छप्पर काढून आणि भिंती सिमेंटने बांधून एकदाच पक्के का करत नाहीत?’ असे विचारले आहे. शाकारलेले छप्पर कच्चे नसते. उतार ४५ ते ५० अंश ठेवला आणि थर फूटभर असला तर पाणी वरच्या काही सेंटिमीटरपलीकडे जात नाही. गव्हाच्या काडाचे छप्पर साधारण २५ ते ३५ वर्षे टिकते. आढ्यावरची टोपी मात्र आधी झिजते आणि १० ते १५ वर्षांनी बदलावी लागते. ती हयगयीने राहिली की पाणी थेट वाशांवर उतरते. वर झुकलेली झाडे हा दुसरा शत्रू: सावलीत काड वाळत नाही, शेवाळ धरते, कुजते. अशा छपराला सहसा पन्हळ नसते, म्हणून वळचणीखालची जमीन भिंतीपासून बाहेर उतरती हवी.

टेकडी खणून बांधलेल्या इमारतीत चढाकडची माती जोत्याहून उंच असते आणि ओल भिंतीत शिरतेच. दगडांमधल्या चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून, ती बाहेर पडून वाळते. सिमेंटने दर्जा भरल्या की तिचा रस्ता बंद होतो, मग ती दगडातून वाट काढते. तिकडे हिवाळ्यात गोठून दगडाचे पापुद्रे सुटतात, इकडे आपल्या जुन्या चुन्याच्या इमारतींत क्षार फुलून दगड भुगा होतो. आत, जमिनीलगतच्या तुळयांची टोके कुजतात ती वेगळीच.

दुरुस्तीची रीत जुनीच आहे. दर्ज किमान २५ मिलिमीटर खोल खरवडायची, धूळ झाडायची, दगड भिजवायचा, मुरलेला चुना एक भाग आणि धारदार कणांची वाळू तीन भाग असे कालवून २० मिलिमीटरहून जाड थर न देता दाबून भरायचे. मग ओले गोणपाट काही दिवस. घाईने वाळलेला चुना नखानेही निघतो, आणि दोष मात्र चुन्याला दिला जातो.

कळावे,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक, सातारा